लाखाच्या आतबाहेरची आयात एटीव्ही शेतासाठी घ्यावी का? (काळी जमीन, पाणंदीची वाट)

तेरणाकाठ (औसा तालुका, लातूर)

मंडळी नमस्कार. एका खरेदीचा विचार करायलोय. पैसे हातातून जाण्याआधी चार जाणत्यांना विचारावं म्हणून हा धागा काढलाय.

आमचं रान गावापासून दोनेक किलोमीटर आत आहे. वाट पाणंदीची, दोन्ही अंगाला बाभळी, मधे ओढा. २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत पाणंद जी खरडून गेली ती अजून तशीच आहे. मोटरसायकल ओढ्यापर्यंत जाते, तिथून पुढं पायी. वडिलांचे गुडघे दुखतात, पण रानाकडं चक्कर मारल्याशिवाय त्यांचा दिवस जात नाही. बैलजोडी विकली. नवी घ्यायची तर लाखाच्या पुढं जाते, आणि सांभाळायला सालगडी मिळत नाही. नांगरट-पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर होते, तिचा प्रश्न नाही. अडचण रोजच्या बारीक कामांची आहे: खताची गोणी, फवारणीचं पाणी, वैरणीचा भारा, दुधाची किटली, आणि वडिलांना नेणं-आणणं.

एका विक्रेत्याकडं १२५ सीसीची चीनवरून आलेली एटीव्ही (मोटरसायकलसारखं हँडल असलेली, आडवाटेवर चालणारी चार चाकांची छोटी गाडी) बघितली. जाड टायर, रिव्हर्स गिअर, मागं-पुढं लोखंडी कॅरिअर. किंमत लाखाच्या आसपास. तो म्हणतो, "शेतात वापरायची आहे तर आरटीओचं काही लागत नाही." हे खरं आहे का? पावसाळ्यात काळ्या रानात ती चालते का? आणि बिघडली तर लातुरात कोण हात लावेल? ज्यांनी वापरली आहे त्यांनी अगदी मोकळेपणानं सांगावं.

---

कळमनुरीकर (हिंगोली)

घ्या दादा. आमच्या पाहुण्यांकडं आहे. उन्हाळ्यात मस्त पळती. हळदीच्या बेण्याच्या पिशव्या, पाईप, सगळं वाहतेत तिच्यावर. बैलाला वैरण लागती, हिला फक्त पेट्रोल.

---

पान्हापक्कड (नांदेड, दुचाकीचं गॅरेज)

कळमनुरीकर भाऊ, "उन्हाळ्यात" हा शब्द महत्त्वाचा आहे. त्यावर येतोच, पण आधी ही गाडी आतून काय आहे ते सांगतो, कारण विक्रेते ते सांगत नाहीत.

११० आणि १२५ सीसीच्या बहुतेक स्वस्त एटीव्हींत आडवं पडलेलं एक सिलिंडरचं इंजिन असतं. त्याची मूळ घडण होंडाच्या कब या छोट्या दुचाकीची. कब १९५८ ची, आणि २०१७ पर्यंत जगभरात १० कोटींच्या वर बनली. म्हणजे इंजिनाचा आराखडा अतिशय टिकाऊ आहे. १५० सीसीच्या गाड्यांत बहुधा स्कूटरसारखं बेल्टचं इंजिन येतं. २०० आणि २५० मध्ये जुन्या धाटणीचं उभं इंजिन. चीनमध्ये अशी इंजिनं छोंगछिंगकडं आणि गाड्यांचे सांगाडे योंगकांगकडं मोठ्या प्रमाणात होतात. तीच गाडी इथं येऊन वेगवेगळ्या स्टिकरनं विकली जाते. म्हणून "अमुक नावाची चांगली का तमुक नावाची" यात फार वेळ घालवू नका. दोन्ही एकाच कारखान्यातल्या असू शकतात.

माझ्याकडं अशा गाड्या दुरुस्तीला येतात, त्यात इंजिन क्वचितच गेलेलं असतं. जातं ते इंजिनाच्या भोवतालचं: मागच्या अॅक्सलचे बेअरिंग, पुढचे बॉल जॉइंट आणि टाय रॉड, वायरिंगची कनेक्शनं, स्टार्टरचा रिले, कार्ब्युरेटर, ब्रेकच्या केबली. वेल्डिंगकडं बघा, काही ठिकाणी टाका वरवरचा असतो. नट-बोल्ट मऊ लोखंडाचे असतात, दोनदा आवळले की आटे जातात. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे. या गाड्यांच्या साध्या रबरी नळ्या त्यानं कडक होऊन तडकतात. बदलायला स्वस्त आहेत, पण लक्ष हवं.

आता काळी माती. तिच्यातली चिकण पाण्यानं फुगते आणि ज्याला लागेल त्याला धरून बसते. या एटीव्हीच्या टायरच्या खाचा उथळ असतात. दहा-वीस फूट चाललं की खाचा भरतात, टायर गुळगुळीत होतो. त्यात ही फक्त मागच्या दोन चाकांवर ओढते. चारही चाकं ओढणारी स्वस्त गाडी या किमतीत मिळत नाही, तसा दिखावा असला तरी नसते. वर मडगार्ड आणि टायर यांच्यात गारा कोंबला जातो आणि चाक फिरायचं थांबतं. साखळी उघडी आहे. तिच्यात गेलेली माती वाळली की विटेसारखी होते, साखळी ताणते, स्प्रॉकेटचे दात खाते. मुरमाड किंवा वाळूसर रानात हा त्रास फार कमी. ओल्या काळ्या रानात शिरली तर तिला ढकलून काढायला दोन माणसं लागतात.

---

तेरणाकाठ

एवढं सविस्तर कुणीच सांगितलं नव्हतं. मग जून ते ऑक्टोबर ही वापरताच येणार नाही असं समजायचं का? आमची खरी गरज त्याच महिन्यांत आहे.

---

मोसंबीवाला (अंबड तालुका, जालना)

मी वापरतो, म्हणून लिहितो. बाग मोसंबीची आहे, दोन ओळींत सहा मीटर अंतर. जमीन मध्यम, खाली मुरूम. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाडी बागेत फिरते. तुमच्या औशाच्या खोल काळ्या रानात ती आठवडाभर आत जाणार नाही, हे मान्य करायला हवं.

तिचा माझ्याकडं फायदा काय होतो ते सांगतो. ठिबकच्या नळ्या तपासणं, फुटलेल्या नळ्यांचं सामान नेणं, तोडणीच्या दिवसांत रिकामे क्रेट पोचवणं, रात्री मोटर बघायला जाणं. बाग मोठी असेल तर पायाचा त्रास वाचतो, आणि एक माणूस दोघांची ये-जा करतो. यासाठी ती मला आवडते, आणि मी विकणार नाही.

पण मी तिला पहिल्या दिवसापासून मोकळी करून पुन्हा बसवली. गॅरेजवाल्या मित्राला घेऊन प्रत्येक नट काढला, आटे साफ केले, आटे पकडणारा डिंक लावून आवळला. कारखान्यातून आलेलं इंजिन ऑइल फेकून चांगलं टाकलं. पहिल्या वीसेक तासांनी पुन्हा बदललं, त्यात चकाकणारी लोखंडाची पूड दिसली. अॅक्सलची बेअरिंग काढून आपल्या बाजारातली चांगल्या मेकची बसवली. वायरिंगच्या प्रत्येक जोडाला ग्रीस लावलं. एअर फिल्टर फोमचा असतो. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत त्याला धुऊन तेल लावलं नाही तर धूळ सरळ इंजिनात जाते. एवढं केल्यावर ती टिकली. ज्यांनी शोरूममधून आणून तशीच पळवली, त्यांच्या गाड्या आमच्या भागात गोठ्याच्या मागं उभ्या आहेत.

एक गोष्ट ठामपणे: फवारणीचा शंभर लिटरचा ड्रम मागच्या कॅरिअरवर ठेवू नका. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, जवळजवळ गाडीच्याच वजनाइतकं, आणि तेही सीटच्या उंचीवर. अर्धा भरलेला ड्रम तर जास्त वाईट. वळणावर पाणी एका अंगाला धावतं आणि गाडी त्याच अंगाला जाते. पाणी न्यायचंच असेल तर मागं छोटी ट्रॉली जोडा, ड्रम खाली आणि मधोमध ठेवा, पहिल्या गिअरवर सपाट वाटेनं न्या.

---

तेरणाकाठ

मोसंबीवाले दादा, साखळी आणि टायर कुठून आणता? लातुरात दोन दुकानांत विचारलं, टायरचा नंबर ऐकूनच त्यांनी मान हलवली.

---

पान्हापक्कड

मी सांगतो. घेण्याआधी साखळीवर छापलेला नंबर बघा. ४२८ असेल तर आपल्या शंभर सीसीच्या दुचाकीची साखळी बसते, कोणत्याही तालुक्याला मिळते. ४२० असेल तर शोधाशोध. या एका नंबरावर पुढची डोकेदुखी बरीच ठरते.

टायर पुढं बहुधा १९×७-८ आणि मागं १८×९.५-८ असतात. ते मागवावेच लागतात, आणि आयतं एक जास्तीचं घेऊन ठेवायचं. बाभळीचा काटा आपल्याकडं पाचवीला पुजलेला आहे. ट्यूबलेस असल्यामुळं पंक्चरची बत्ती घालून काम भागतं, तो संच गाडीवरच बांधून ठेवा. हवेचंही ऐका. या टायरांत अवघी ३ ते ५ पीएसआय हवा लागते. पेट्रोल पंपावरचा पोरगा मोटरसायकलच्या सवयीनं २५-३० भरतो. मग टायर फुग्यासारखा टणक होतो, गाडी उसळते आणि पकड जाते. कमी दाब दाखवणारा वेगळा गेज घ्यावा लागतो.

आणखी एक तपासा: किक किंवा दोरी आहे का. बऱ्याच गाड्यांना फक्त बटन स्टार्ट असतो आणि बॅटरी छोटी असते. क्लच आपोआप चालणारा असेल तर गाडी ढकलून चालू होत नाही. ओढ्यापलीकडं बॅटरी बसली की ती तिथंच मुक्कामाला.

---

वकिली_धाराशिव

विक्रेता म्हणाला ते अर्धवट आहे, आणि नुकसान त्याच अर्धवटातून होतं. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम २(२८) मध्ये मोटार वाहनाची व्याख्या आहे. त्यातून वगळलं आहे ते कारखान्यात किंवा तशाच एखाद्या बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी खास बनवलेलं वाहन. "बंदिस्त आवार" हे शब्द लक्षात ठेवा. कुंपण घातलेली बाग, रिसॉर्टचं आवार इथपर्यंत युक्तिवाद करता येईल. चारी बाजूंनी उघडं, बांधाला बांध लागलेलं रान त्यात बसेल असं मी कोणत्याही पक्षकाराला छातीठोक सांगणार नाही.

आणि तुमची पाणंद? कलम २(३४) प्रमाणं जिथं लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे ती वाट सार्वजनिक जागा धरली जाते, मग ती डांबरी असो की मातीची. तिथं नोंदणी हवी (कलम ३९) आणि तिऱ्हाइताचा विमा हवा (कलम १४६). नोंदणीविना चालवली तर कलम १९२ खाली पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड, विम्याविना कलम १९६ खाली २,०००. दंड भरून माणूस मोकळा होतो, ती मोठी गोष्ट नाही. मोठी गोष्ट ही की तुमच्या गाडीनं पाणंदीत एखाद्याला लागलं, किंवा मागं बसलेल्याचा जीव गेला, तर भरपाईचा दावा थेट तुमच्यावर येतो. विमा कंपनी मधे नसते. रान विकून भरपाई द्यायची वेळ येऊ शकते.

"मग नोंदणी करून घेऊ" असंही होत नाही. रस्त्यावर चालवायच्या वाहनाचा नमुना आयातदारानं आधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ मध्ये ते आहे. या स्वस्त गाड्यांची ती तपासणी झालेली नसते, म्हणून आरटीओ त्यांना नंबर देऊ शकत नाही. देशात ट्रॅक्टर म्हणून नोंदवता येणारी एटीव्ही आहे, पोलारिसची स्पोर्ट्समन ५७०. पण तिची किंमत सुरुवातीलाच आठ लाखांच्या घरात होती.

विक्रेत्याला एकच म्हणा: "नोंदणी लागत नाही हे बिलावर लिहून, सही-शिक्क्यानिशी द्या." काय उत्तर देतो ते इथं नक्की कळवा.

---

कळमनुरीकर

ताई, खेड्यात कोण पोलीस बघायला येतंय पाणंदीत? अर्ध्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना नंबर नसतोय.

---

वकिली_धाराशिव

दंडापुरतं तुमचं खरं आहे, पाणंदीत कुणी थांबवणार नाही. अपघात झाल्यावर मात्र सगळे येतात. पंचनाम्यात पहिला कॉलम गाडीच्या नंबराचा असतो.

---

परभणीची_लेक (परिचारिका, अपघात विभाग)

मी फक्त एका मुद्द्यासाठी लॉगिन केलं. तेरणाकाठ दादा, तुमच्या घरात लहान मुलं आहेत का?

ही गाडी चार चाकांची आहे म्हणून घरातल्यांना ती मोटरसायकलपेक्षा सुरक्षित वाटते. बटन दाबलं की चालू, गिअरचा त्रास नाही, अंगठ्यानं रेस. म्हणून दहा-बारा वर्षांच्या लेकराच्या हातात ती सहज दिली जाते, घरचेच व्हिडिओ काढतात. आमच्याकडं आलेली लेकरं अशीच आलेली असतात. गाडी उलटते तेव्हा बाजूला पडत नाही, अंगावर येते. छातीवर शंभर-सव्वाशे किलो बसले की बरगडी मोडायचीही गरज नसते. छाती फुलत नाही, श्वास थांबतो. रानात एकटा माणूस असेल आणि उचलायला कुणी नसेल तर काही मिनिटांत सगळं संपतं. हे मोठ्या माणसालाही होतं.

अमेरिकेत या गाड्या पन्नास वर्षांपासून आहेत. तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या हिशेबानं अशा आडवाटेच्या वाहनांवर दर वर्षी सरासरी आठशेच्या वर माणसं मरतात आणि लाखभर लोक तातडीच्या विभागात येतात. मोठ्यांच्या आकाराची एटीव्ही सोळा वर्षांखालच्या मुलानं चालवू नये असा तिथला दंडक आहे. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या, मुलांसाठीच्या स्वस्त आयात गाड्यांबद्दल त्या आयोगानं पुन्हा पुन्हा इशारे दिलेत: वेग ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त, पार्किंग ब्रेक नाही. आपल्याकडं तर कुणी तपासतच नाही.

लांब सीट बघून वडिलांना मागं बसवायचा विचार असेल तर कृपा करून सोडून द्या. ती सीट लांब असते ती चालवणाऱ्याला पुढं-मागं सरकून तोल सांभाळता यावा म्हणून. मागं दुसरा माणूस बसला की पुढची चाकं हलकी होतात, चढावर गाडी मागं उलटते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला पटकन उडीही मारता येणार नाही.

---

तेरणाकाठ

ताई, भावाची दोन पोरं आहेत, नऊ आणि तेरा वर्षांची. व्हिडिओ दाखवला तेव्हापासून दोघं नाचायलेत. तुमचं हे लिहिणं मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. वडील मागं बसणार हेच तर मुख्य कारण होतं.

---

वकिली_धाराशिव

ताईंच्या लिहिण्याला कायद्याची जोड देते. अल्पवयीन मुलानं गुन्हा केला तर कलम १९९अ खाली पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. शिवाय त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळत नाही. चावी घरात उघडी टांगू नका, ही गाडी घ्या अगर न घ्या.

---

बालाघाट (बीड, सीताफळ)

आमच्याकडं डोंगरउतार. बांधाबद्दल लिहितो, कारण मराठवाड्यात बांध ओलांडल्याशिवाय रान नाही.

या गाड्यांना मागं एकसंध अॅक्सल आहे, डिफरन्शियल नाही. दोन्ही चाकं कायम सारख्याच वेगानं फिरतात. म्हणून मुरमावर हँडल वळवलं तरी गाडी सरळच ढकलली जाते. मग माणूस जोर लावून वळवतो आणि वेगात असेल तर बाहेरच्या अंगाला उलटतो. बांधावर तिरकी चढवली की एक चाक वर, एक खाली. रुंदी कमी, उंची जास्त. बांध ओलांडायचाच तर काटकोनात, सावकाश, उभं राहून. उतारावर आडवं कधीच जायचं नाही.

ऑस्ट्रेलियात शेतकरी या गाड्या सर्रास वापरतात, आणि मरतातही. तिथल्या सरकारनं २०१९ मध्ये सुरक्षा मानक आणलं. ऑक्टोबर २०२१ पासून तिथं नवीन कामाची क्वाड बाइक (म्हणजे हीच एटीव्ही) मागं संरक्षक दांडा बसवल्याशिवाय विकता येत नाही. गाडी उलटली तरी माणसाच्या अंगावर पूर्ण येऊ नये म्हणून तो दांडा. नियम येतोय म्हटल्यावर होंडा, यामाहा, पोलारिस यांनी तिथं या गाड्या विकणं सोडायचं ठरवलं, तरी सरकार मागं हटलं नाही. आपल्याकडं लाखाच्या गाडीला असा दांडा कुणी देत नाही. गावच्या वेल्डरकडून बसवून घेतलेला पाईप भरवशाचा धरू नका, चुकीच्या जागी बसला तर तोच पाठीत घुसतो.

---

वेरूळरोड (छत्रपती संभाजीनगर)

मी कृषी पर्यटन केंद्र चालवतो, म्हणून माझा प्रश्न वेगळा. कुंपणाच्या आत, पाहुण्यांसाठी दोन गाड्या ठेवाव्यात का? म्हैसमाळ-वेरूळच्या बाजूला येणारी कुटुंबं विचारतात.

---

मोसंबीवाला

बंदिस्त आवार असल्यानं नोंदणीचा मुद्दा तुमच्याकडं सौम्य आहे, पण पाहुणा पडला तर जबाबदारी तुमचीच. सार्वजनिक दायित्वाचा विमा आधी, गाडी नंतर. वेग कमी ठेवणारा स्क्रू बहुतेक गाड्यांच्या अंगठ्याच्या रेसजवळ असतो, तो आवळा. हेल्मेट सक्तीचं. आणि दिवसभर भाड्यानं फिरणारी स्वस्त गाडी एका हंगामात खिळखिळी होते, हे धरूनच भाडं ठरवा.

---

पान्हापक्कड

मूळ धाग्याकडं येऊ. तेरणाकाठ दादा, तुमच्या कामांची यादी मी पुन्हा वाचली. खताची गोणी, पाणी, वैरण, दूध, वडील. यातलं दूध आणि एखादी गोणी ही एटीव्ही नेईल. पाणी धोक्याचं. वैरणीचा भारा उंच होतो, तोही धोक्याचा. वडील नाहीच नाही. पावसाळ्यात तर ओल्या पाणंदीत यातलं काहीच नाही. मग लाख रुपये कशाला?

लाखात आणखी भर घालून पॉवर टिलर (दोन चाकांचं, हँडल धरून चालवायचं मशागतीचं यंत्र) बघा. त्यामागं ट्रॉली लागते, सावकाश चालते, कोळपणीलाही येतं. महाडीबीटीवर (शासनाच्या अनुदानाच्या पोर्टलवर) अनुदान मिळतं, कारण त्या यंत्रांचे सरकारी तपासणी अहवाल असतात. या एटीव्हीला ते अनुदान नाही. पंधरा एचपीचा नवा मिनी ट्रॅक्टर साडेतीन लाखांच्या आसपास किंवा वर जातो, पण त्याला पीटीओ (अवजारं फिरवणारा मागचा दांडा) आहे, हायड्रॉलिक आहे, नंबर आहे, विमा आहे, आणि दहा वर्षांनी विकायला गेलं तर गिऱ्हाईक आहे. स्वस्त एटीव्हीला दुसरं गिऱ्हाईक भंगारवालाच. दोघं-तिघं शेजारी मिळून मिनी ट्रॅक्टर घेतलेला मी लोहा तालुक्यात बघितलाय, चांगला चाललाय.

---

वकिली_धाराशिव

आणि पाणंदीचं काय? सगळ्यांनी गाडीवर चर्चा केली. तुमची मूळ अडचण वाटेची आहे.

पाणंद गावनकाशावर आहे का ते तलाठ्याकडून बघा. असेल आणि अतिक्रमणानं किंवा अडवणुकीनं बंद असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदाराकडं अर्ज. नकाशावर वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. २०२५ मधल्या शासन निर्णयानुसार शेतरस्ता शक्यतो तीन ते चार मीटर रुंद द्यायचा आणि त्याची नोंद सातबाऱ्यावर इतर हक्कांत घ्यायची आहे. खडीकरणासाठी रोजगार हमीतून मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना होती, सध्या कोणती योजना चालू आहे ते तहसीलात विचारा, आणि ग्रामसभेचा ठराव करून ठेवा. पाणंदीवर ज्यांची रानं आहेत त्या सगळ्यांनी एकत्र सह्या केल्या तर काम लवकर हलतं. एकट्याचा अर्ज पडून राहतो.

---

तेरणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. विक्रेत्याला बिलावर लिहून मागितलं. म्हणाला, "तसं आम्ही देत नाही." तिथंच विषय संपवला, बयाणा दिला नव्हता.

पाणंदीवर आमच्यासह बरीच खातेदार घरं आहेत. काल मारुतीच्या पारावर बसून बोललो, पुढच्या ग्रामसभेत ठराव ठेवायचा असं ठरलंय. गावनकाशाची नक्कल मागितली आहे. वडिलांसाठी तोपर्यंत शेजाऱ्यांच्या बैलगाडीत बसायची सोय केली, ते रोज त्याच वाटेनं जातात.

पॉवर टिलरची चौकशी करतोय. पान्हापक्कड भाऊ, डिझेलचा घ्यावा का पेट्रोलचा, आणि ट्रॉली कंपनीची घ्यावी की इथं बनवून?

---

पान्हापक्कड

ट्रॉली ओढायची तर डिझेल, बारा एचपीच्या आसपास. ट्रॉली टिलरच्याच कंपनीची घ्या, तिला स्वतःचा ब्रेक असतो. गावात बनवलेल्यांना बहुतेक ब्रेक नसतो, आणि तुमच्या ओढ्याच्या उताराला भरलेली ट्रॉली टिलरला पुढं ढकलते. उतारावर बाजूच्या क्लचचा लिव्हर दाबला तर टिलर अपेक्षेच्या उलट्या अंगाला वळतो, हे विकणाऱ्याकडून रानात करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि नांदेडला आलात तर गॅरेजवर या, एक जुना दुरुस्तीला आलाय, चालवून बघा.